जखम नेमकी कुठं आहे? शरीराचे भाग आणि दिशा अचूक सांगायला शिकताना

दोडामार्ग किंवा मंडणगडच्या आतल्या गावातून रुग्ण जिल्हा रुग्णालयात पोचायला वेळ लागतो. वाटेत गाडी बदलते, सोबतचं माणूस बदलतं, ड्युटीवरचा डॉक्टर बदलतो. न बदलता पोचते ती सोबतची चिठ्ठी. तिच्यावर ‘हाताला जखम, सूज आहे’ एवढंच असेल, तर पुढच्याला काहीच कळत नाही. कुठला हात? दंड की पंजा? तळव्याची बाजू की मागची? सूज कुठपर्यंत होती, आणि आता ती वाढली आहे की तेवढीच आहे?

हा लेख नव्यानं कामाला लागलेल्यांसाठी आहे: नर्सिंगच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी, आशाताई, उपकेंद्रातल्या आरोग्यसेविका, रुग्णवाहिकेतले मदतनीस, एक्स-रे आणि ईसीजी काढायला शिकणारे. शरीररचनेचं जाड पुस्तक पाठ करायची गरज नाही. कोणी कुठूनही वाचली तरी एकच जागा दाखवेल अशी नोंद लिहिता आली पाहिजे. त्यासाठी लागणारे शब्द थोडे आहेत, पण ते कडकपणे वापरावे लागतात.

पहिली पायरी: रुग्णाला मनात उभं करा

रुग्ण खाटेवर आडवा असो, कुशीवर वळलेला असो, माडावरून पडून वाकडातिकडा झालेला असो, नोंद लिहिताना तो एकाच ठरावीक अवस्थेत उभा आहे असं धरायचं. सरळ उभा, तोंड समोर, नजर समोर, हात अंगालगत खाली, तळहात पुढे वळवलेले, पावलं जवळजवळ, बोटं पुढे. याला शरीररचनेची प्रमाण स्थिती म्हणतात. अवयवांच्या नावांची पहिली आंतरराष्ट्रीय यादी 1895 साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला ठरली. आज जगभर वापरली जाते ती यादी 1998 मध्ये आली आणि नंतर सुधारली गेली. दिशांचे सगळे शब्द याच उभ्या माणसावर बेतलेले आहेत.

तळहात पुढेच का? आपण सहज उभे राहतो तेव्हा तळहात मांडीकडे किंवा मागे वळलेले असतात. पण तळहात पुढे केला की कोपरापासून मनगटापर्यंतची दोन हाडं, रेडियस आणि अल्ना, एकमेकांना समांतर येतात. तळहात मागे वळवला की रेडियस अल्नावरून तिरकी जाते आणि ‘आतली बाजू’, ‘बाहेरची बाजू’ हे शब्द निरर्थक होतात. म्हणून हातावरची कुठलीही जागा सांगण्याआधी मनातल्या माणसाचे तळहात पुढे आणि अंगठे बाहेर आहेत ना, हे तपासा. नवख्यांच्या बऱ्याच चुका इथेच सुरू होतात.

दुसरी पायरी: उजवं-डावं रुग्णाचं, तुमचं नव्हे

होडीचं तोंड किनाऱ्याकडे असो की समुद्राकडे, तिची उजवी बाजू तीच राहते. बघणारा कुठे उभा आहे यावर ती ठरत नाही. रुग्णाचंही तसंच. तुम्ही त्याच्यासमोर उभे असता तेव्हा त्याची उजवी बाजू तुमच्या डाव्या हाताला येते. तो पालथा झोपलेला असेल आणि तुम्ही पायथ्याशी उभे असाल, तर दोघांची उजवी बाजू एकाच अंगाला येते. अशी अदलाबदल होत असताना दमलेला माणूस चुकतो. त्यावर एकच उपाय: लिहिण्याआधी रुग्णाच्या त्या अवयवाला स्पर्श करा, ‘तुमचा उजवा ना?’ असं विचारा, मगच लिहा. रुग्ण बेशुद्ध असेल तर सोबतच्याला विचारू नका. मनानं रुग्णाच्या जागी उभे राहा आणि बघा.

एक्स-रेच्या फिल्मवरही हाच नियम आहे. फिल्म लावतात ती रुग्ण तुमच्याकडे तोंड करून उभा असल्यासारखी. म्हणजे फिल्मची डावी कड ही रुग्णाची उजवी बाजू. कोपऱ्यातलं ‘आर’ किंवा ‘एल’ अक्षर बघितल्याशिवाय बाजू बोलायची नाही. ते अक्षर फिल्म काढतानाच लावलेलं असलं पाहिजे. नंतर पेनानं लिहिलेल्या अक्षरावर विसंबणं धोक्याचं असतं.

नोंदीत ‘उजवा’, ‘डावा’ हे शब्द पूर्ण लिहा. ‘उ.’ आणि ‘डा.’ घाईच्या अक्षरात ओळखू येत नाहीत.

तिसरी पायरी: दिशांच्या जोड्या

दिशेचे शब्द जोडीनं येतात आणि प्रत्येक शब्द तुलनेचा असतो. ‘नाक लॅटरल आहे’ या वाक्याला अर्थ नाही. ‘डोळा नाकाच्या लॅटरल, म्हणजे बाहेरच्या बाजूला, आहे’ याला आहे.

अँटिरिअर म्हणजे पुढच्या अंगाचं, पोस्टिरिअर म्हणजे मागच्या अंगाचं. सुपिरिअर म्हणजे डोक्याच्या दिशेचं, इन्फिरिअर म्हणजे पावलांच्या दिशेचं. माणूस खाटेवर उताणा पडला की आपल्या बोलण्यातलं ‘वर’ छताकडे वळतं आणि गोंधळ होतो. छाती पोटाच्या सुपिरिअरच राहते, माणूस उभा असो की आडवा. त्याच्या पोटावर ठेवलेली बर्फाची पिशवी रोजच्या बोलण्यात ‘पोटाच्या वर’ असते, पण नोंदीत ती पोटाच्या अँटिरिअर बाजूला आहे.

मीडियल म्हणजे मध्यरेषेच्या जवळचं, लॅटरल म्हणजे मध्यरेषेपासून लांबचं. मध्यरेषा कपाळ, नाक, बेंबी यांच्यातून सरळ खाली जाते. हाताचा अंगठा लॅटरल बाजूला आणि करंगळी मीडियल बाजूला असते, कारण तळहात पुढे आहे. पायात उलट: पायाचा अंगठा मीडियल, करंगळी लॅटरल. हे एवढं वाक्य पक्कं केलंत तर अर्ध्या चुका टळतील. हातावर आणखी सोपा मार्ग आहे. कोपराच्या खाली ‘रेडियल बाजू’ म्हणजे अंगठ्याची आणि ‘अल्नर बाजू’ म्हणजे करंगळीची. इथे हात कसाही वळला तरी अर्थ बदलत नाही. म्हणून पंजा आणि मनगटावर आम्ही मीडियल-लॅटरलपेक्षा हेच शब्द वापरायला सांगतो. मनगटावरची नाडी रेडियल बाजूला लागते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तीच खूण धरा.

प्रॉक्सिमल आणि डिस्टल हे हातापायांचे शब्द. धडाजवळचं ते प्रॉक्सिमल, बोटांच्या टोकाकडचं ते डिस्टल. ‘मनगटाच्या वर’ असं लिहू नका, कारण हात उचलून गळ्यात बांधला की वरचं खाली होतं. ‘मनगटाच्या प्रॉक्सिमल 4 सेंमी’ हे कधीच बदलत नाही. हे शब्द डोक्याला किंवा छातीला लावत नाहीत. आतड्यासारख्या नळीच्या अवयवांना मात्र लावतात.

सुपरफिशिअल म्हणजे कातडीजवळचं, डीप म्हणजे खोलवरचं. कोयत्याच्या जखमेत हा फरक फार महत्त्वाचा. पण आत काय कापलं गेलं हे डोळ्यांनी दिसत नसेल, तर ‘सुपरफिशिअल’ लिहून मोकळं होऊ नका. बोटाच्या तळव्याकडच्या बाजूला लहानशी चीर असली तरी बोट वाकवणारी खालची शीर, म्हणजे टेंडन, तुटलेली असू शकते. बोटाचा प्रत्येक सांधा वेगळा वाकवायला सांगा आणि कुठला वाकत नाही ते लिहा.

इप्सिलॅटरल म्हणजे त्याच बाजूचं, कॉन्ट्रालॅटरल म्हणजे विरुद्ध बाजूचं. अर्धांगवायूच्या नोंदीत हे भेटतात. तुम्ही लिहिताना सरळ उजवा-डावा लिहिलेलं बरं.

चौथी पायरी: ‘हात’ आणि ‘पाय’ यांचे तुकडे पाडा

आपल्या बोलण्यात हात खांद्यापासून नखापर्यंत आणि पाय खुब्यापासून टाचेपर्यंत. नोंदीत एवढा मोठा शब्द चालत नाही. हाताचे भाग असे: खांदा, दंड, कोपर, कोपर ते मनगट म्हणजे पुढचा हात, मनगट, पंजा, बोटं. पायाचे: खुबा, मांडी, गुडघा, गुडघा ते घोटा म्हणजे पोटरी-नडगीचा भाग, घोटा, पाऊल, बोटं. मागून गुडघ्याची खोलगट जागा म्हणजे लवण, पुढचं टोकदार हाड ती नडगी. इंग्रजी नोंदीत ‘आर्म’ म्हणजे फक्त दंड आणि ‘लेग’ म्हणजे फक्त गुडघ्याखालचा भाग. डिस्चार्ज कार्ड वाचताना हे ध्यानात ठेवा.

‘ढोपर’ ऐकलं की थांबा. कोणी गुडघ्याला ढोपर म्हणतं, कोणी कोपराला. ‘जांघ’ कोणाची मांडी असते, कोणाची मांडी आणि पोट यांच्यामधली घडी. अशा वेळी तर्क करू नका, हात ठेवून दाखवायला सांगा.

पंज्याला दोन बाजू: तळहाताची ती पामर, मागची ती डॉर्सल. पावलाला दोन बाजू: तळव्याची ती प्लांटर, वरची, चपलेचा पट्टा येतो ती डॉर्सल. इथे नवख्याला अडतं, कारण डॉर्सल म्हणजे पाठीकडचं आणि पावलाची वरची बाजू तर समोर दिसते. याचं मूळ गर्भावस्थेत आहे. दुसऱ्या महिन्यात हातापायांचे कोंब फिरतात: हात बाहेरच्या बाजूला, पाय आतल्या बाजूला. त्यामुळे कोपराचं टोक मागे गेलं, गुडघा पुढे आला, आणि पायाची मूळची पाठीकडची बाजू पुढे वळली. कारण एकदा कळलं की शब्द विसरत नाही.

बोटांना आकडे देऊ नका. ‘तिसरं बोट’ म्हणताना कोणी अंगठ्यापासून मोजतं, कोणी तर्जनीपासून. हाताची बोटं नावानं लिहा: अंगठा, तर्जनी, मधलं बोट, अनामिका, करंगळी. पायाला नावं नाहीत, म्हणून ‘अंगठ्यापासून मोजून दुसरं’ असं पूर्ण लिहा. प्रत्येक बोटाला तीन हाडं असतात, अंगठ्याला दोन. त्यांना धडाकडून टोकाकडे प्रॉक्सिमल, मिडल आणि डिस्टल फॅलँक्स म्हणतात. अंगठ्यात मिडल नसतो.

किनाऱ्यावरचं उदाहरण घ्या. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना उथळ पाण्यात पाकट माशावर पाय पडला आणि शेपटीचा काटा लागला. ‘पायाला काटा लागला’ ही नोंद नव्हे. ‘उजवं पाऊल, डॉर्सल बाजू, लॅटरल मॅलिओलसच्या अँटिरिअर 3 सेंमी, एक छिद्र’ ही नोंद. घोट्याला दोन्ही बाजूंना हाडाचे दोन उंचवटे लागतात: आतला मीडियल मॅलिओलस, बाहेरचा लॅटरल मॅलिओलस. ते कधी हलत नाहीत, म्हणून मोजायला सोयीचे.

मोजायची खूण नेहमी हाडाची निवडा. मांस सुजतं, कातडी सरकते, पोट सुटतं, हाडाचं टोक जागेवर राहतं. अंतर टेपनं घ्या. ‘दोन बोटं’ हे माप ज्याच्या त्याच्या बोटावर ठरतं. ते इंजेक्शनची जागा शोधायला चालतं, नोंदीला नाही.

इंजेक्शनच्या जागा

दिशांचे शब्द इथे रोजच्या कामात उतरतात. दंडावरचं इंजेक्शन डेल्टॉइड स्नायूत जातं. खांद्याच्या टोकाचं हाड, ॲक्रोमिअन, बोटांनी शोधा. त्याच्या इन्फिरिअर दोन ते तीन बोटं, दंडाच्या लॅटरल बाजूला, मध्यभागी. फार वर दिलं तर सुई सांध्याजवळच्या पिशवीत जाते आणि खांदा कित्येक दिवस दुखतो. फार खाली आणि मागे सरकलं तर रेडियल नस धोक्यात येते.

कुल्ल्यावर वरचा-बाहेरचा चतुर्थांश, कारण सायटिक नस आतल्या-खालच्या बाजूनं जाते. ‘वरचा-बाहेरचा’ हा भाग संपूर्ण कुल्ल्याचा धरायचा, म्हणजे वरची सीमा कंबरेच्या हाडाची कड. साडीची किंवा पँटची कड थोडी खाली सरकवून जेवढं दिसतं त्याचे चार भाग केले, तर जागा चुकते. त्यासाठी पूर्ण भाग उघडा करा, आडोसा नीट लावून.

बाळांना कुल्ल्यावर देत नाहीत. मांडीवर, खुब्याचं हाड आणि गुडघा यांच्यामध्ये तीन समान भाग करा. मधल्या भागात, अँटिरोलॅटरल म्हणजे पुढच्या-बाहेरच्या बाजूला. राष्ट्रीय लसीकरणात बीसीजी डाव्या दंडावर, पेंटाव्हॅलंट डाव्या मांडीवर आणि पीसीव्ही उजव्या मांडीवर असते. जागा ठरलेल्या असल्यामुळे नंतर एखाद्या ठिकाणी गाठ आली तर ती कशाची हे कळतं. बाळ आईच्या मांडीवर तुमच्याकडे तोंड करून असतं तेव्हा डावं-उजवं उलटं दिसतं, हे पुन्हा सांगायला हवं.

पाचवी पायरी: छातीवर बरगड्या मोजा

छातीवरची जागा बरगड्यांच्या मधल्या फटीवरून आणि उभ्या रेषांवरून सांगतात. गळ्याखालच्या खाचेत बोट ठेवा, छातीच्या मधल्या हाडावरून सुमारे 5 सेंमी खाली या; एक आडवा उंचवटा लागतो. त्याच्या दोन्ही बाजूंना दुसरी बरगडी जोडलेली असते आणि तिच्या लगेच खाली दुसरी फट. इथून बोट खाली नेत तिसरी, चौथी, पाचवी मोजा. पहिली बरगडी गळ्याच्या हाडाखाली दडलेली असते आणि हाताला नीट लागत नाही, म्हणून वरून मोजायला सुरुवात केली की एकाचा फरक पडतो.

उभ्या रेषा अशा: गळ्याच्या हाडाच्या मध्यातून खाली जाणारी मिडक्लॅविक्युलर, काखेच्या पुढच्या घडीतून जाणारी अँटिरिअर ॲक्झिलरी, काखेच्या मध्यातून जाणारी मिडॲक्झिलरी.

ईसीजीत छातीवर व्ही-1 ते व्ही-6 हे सहा इलेक्ट्रोड लावताना हे सगळं लागतं. व्ही-1 चौथ्या फटीत छातीच्या हाडाच्या उजव्या कडेला, व्ही-2 त्याच फटीत डाव्या कडेला. मग व्ही-4 पाचव्या फटीत मिडक्लॅविक्युलर रेषेवर, आणि व्ही-3 हा व्ही-2 आणि व्ही-4 यांच्या मध्यात. व्ही-5 आणि व्ही-6 हे व्ही-4 च्या आडव्या पातळीवर, अनुक्रमे अँटिरिअर ॲक्झिलरी आणि मिडॲक्झिलरी रेषेवर. बरगडीच्या वळणासोबत वर चढवू नका. सर्वांत नेहमीची चूक म्हणजे व्ही-1 आणि व्ही-2 एक-दोन फटी वर लावणं. स्तनाग्रावरून अंदाज घेतला की असं होतं, विशेषतः बायकांमध्ये. स्तन हलकेच वर करून खालीच इलेक्ट्रोड लावावा लागतो. आधी काय करणार ते सांगा, पडदा ओढा, बाईमाणूस सोबत ठेवा. उजव्या-डाव्या हाताच्या तारा बदलल्या तर लीड-1 ची रेघ उलटी येते, आणि नसलेला आजार कागदावर उमटतो.

सहावी पायरी: पोटाचे नऊ भाग

पोटावर दोन उभ्या आणि दोन आडव्या रेषा कल्पा. उभ्या रेषा दोन्ही बाजूंच्या मिडक्लॅविक्युलर. वरची आडवी बरगड्यांच्या सर्वांत खालच्या कडेतून. खालची आडवी कंबरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून सुमारे 5 सेंमी मागे लागणाऱ्या उंचवट्यांमधून. नऊ चौकोन होतात.

वरच्या ओळीत उजवा हायपोकाँड्रिअम, मध्ये एपिगॅस्ट्रिअम, डावा हायपोकाँड्रिअम. मधल्या ओळीत उजवा लंबर, बेंबीचा भाग, डावा लंबर. खालच्या ओळीत उजवा इलियाक फोसा, मध्ये हायपोगॅस्ट्रिअम म्हणजे ओटीपोट, डावा इलियाक फोसा. घाईत चार भाग पुरतात: बेंबीतून एक उभी, एक आडवी रेषा, उजवा वरचा, डावा वरचा, उजवा खालचा, डावा खालचा.

नुसतं ‘पोटात दुखतं’ लिहिण्यापेक्षा हे लिहिल्यानं काय फरक पडतो? अपेंडिक्सचं दुखणं बहुधा बेंबीभोवती सुरू होतं आणि काही तासांत उजव्या इलियाक फोसात सरकतं. तिथे कंबरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून बेंबीपर्यंत रेषा काढली तर टोकापासून एक-तृतीयांश अंतरावर दाबलं की सर्वांत जास्त दुखतं. पहिल्या चिठ्ठीत ‘सकाळी बेंबीभोवती, दुपारी उजव्या इलियाक फोसात’ असं असेल तर शल्यचिकित्सकाचं निम्मं काम झालं. मुतखड्याची कळ मागून कुशीतून सुरू होऊन जांघेकडे उतरते. पित्ताशयाचं दुखणं उजव्या हायपोकाँड्रिअममध्ये. लघवी तुंबली तर ओटीपोटावर गोल फुगवटा लागतो.

एपिगॅस्ट्रिअमबद्दल मुद्दाम सांगावंसं वाटतं. ‘पित्त झालंय, गॅस झालाय’ म्हणत माणूस छातीच्या खळगीवर हात ठेवतो. हृदयविकाराची कळ इथेही येते. चाळिशीच्या पुढचा माणूस, घाम, एपिगॅस्ट्रिअममध्ये दाब: जागा लिहा, वेळ लिहा आणि ईसीजी काढायला उशीर करू नका.

पाठीवर आणि वेगवेगळ्या अवस्थेत

पाठीवर मोजायला तीन खुणा पुरतात. मान पुढे वाकवली की मानेच्या तळाशी ठळक लागतो तो सातवा मानेचा मणका. खांद्याच्या फऱ्याचं खालचं टोक साधारण छातीच्या सातव्या मणक्याच्या पातळीवर. दोन्ही बाजूंच्या कंबरेच्या हाडाच्या सर्वांत उंच कडा जोडल्या तर रेषा चौथ्या लंबर मणक्यातून जाते. झाडावरून पडलेल्याला ‘कंबर दुखते’ लिहून पाठवू नका. मध्यरेषेत दुखतं की बाजूला, कुठल्या खुणेच्या वर-खाली, आणि पायाची बोटं हलतात का, हे लिहा. त्याला उठवून बसवू नका.

उताणा म्हणजे सुपाइन, पालथा म्हणजे प्रोन. ‘लेफ्ट लॅटरल’ म्हणजे डाव्या कुशीवर, डावी बाजू खाली. छातीच्या एक्स-रेत ‘पीए’ म्हणजे किरण मागून पुढे, ‘एपी’ म्हणजे पुढून मागे. खाटेवर काढलेल्या एपी फिल्ममध्ये हृदय असतं त्यापेक्षा मोठं दिसतं, म्हणून फिल्मवर कुठली ते लिहिणं सक्तीचं आहे.

शरीराचे तीन छेद सोनोग्राफी आणि सीटीच्या अहवालात भेटतात: उजवं-डावं वेगळं करणारा सॅजिटल, पुढचं-मागचं वेगळं करणारा कोरोनल, वरचं-खालचं वेगळं करणारा ट्रान्सव्हर्स. हालचालींत फ्लेक्शन म्हणजे वाकवणं, एक्स्टेन्शन म्हणजे सरळ करणं, ॲबडक्शन म्हणजे मध्यरेषेपासून दूर नेणं, ॲडक्शन म्हणजे जवळ आणणं. सध्या एवढं पुरे.

रुग्णाकडून जागा काढून घेणं

‘आजी, एका बोटानं दाखवा, कुठं दुखतं ते.’ हे वाक्य रोज म्हणा. ‘हंयसर दुखता’ म्हणत पूर्ण पंजा पोटावर फिरवला तर दुखणं पसरलेलं आहे. एका बोटानं ठरावीक ठिपका दाखवला तर जागा नेमकी आहे. दोन्ही गोष्टी नोंदीत घ्या. ‘छातीत दुखतं’ म्हणणाऱ्या बाईला स्तनात दुखतंय का, हे वेगळं विचारावं लागतं. ‘खाली दुखतं’ यात ओटीपोट, लघवीची जागा, संडासची जागा सगळं बसतं. लाजेमुळे पुढे बोलणं होत नसेल तर कागदावर माणसाची साधी आकृती काढा, पुढची आणि मागची, आणि तिच्यावर खूण करायला सांगा. आकृतीवर ‘उजवा’, ‘डावा’ आधीच लिहून ठेवा.

सिंधुदुर्गात 2016 पासून दोडामार्ग तालुक्यात गोचिडीतून पसरणारा माकडताप आढळतो. जंगलातून आलेल्या तापाच्या रुग्णाच्या अंगावर गोचीड शोधताना घड्या बघाव्यात: काख, जांघ, लवण, कानामागे, केसांची कड. कुठे सापडली ते भाग आणि बाजू देऊन लिहा. पावसाळ्यात लावणीच्या दिवसांतल्या तापात ‘पाय दुखतात’ म्हटलं तर पोटरी दाबून बघा. लेप्टोत (लेप्टोस्पायरोसिस) पोटऱ्या दाबल्या की खूप दुखतात. ‘दोन्ही पायांचा गुडघ्याखालचा पोस्टिरिअर भाग दाबल्यावर दुखतो’ असं लिहिलं की डॉक्टर ताबडतोब सावध होतो.

सातवी पायरी: नोंद लिहा

क्रम कायम एकच ठेवा.

1. बाजू: उजवी, डावी, की मध्यरेषेत.
2. भाग: दंड, पोटरी, उजवा इलियाक फोसा.
3. पृष्ठभाग: अँटिरिअर, पोस्टिरिअर, मीडियल, लॅटरल, हातापायाच्या पंज्यावर पामर, प्लांटर किंवा डॉर्सल.
4. हाडाच्या खुणेपासून दिशा आणि सेंटिमीटर.
5. आकार, संख्या आणि वेळ.

सर्पदंशात हा क्रम खरा उपयोगी पडतो. कोकणात फुरसं, घोणस, मण्यार, नाग सगळे आहेत. दंशाच्या पायावर दोर बांधू नका, चिरा देऊ नका; अंगठी, पैंजण, घड्याळ लगेच काढा, पाय हलू देऊ नका. मग लिहा: ‘डावं पाऊल, डॉर्सल बाजू, अंगठ्याच्या बुडाच्या प्रॉक्सिमल 2 सेंमी, दोन खुणा. सूज सध्या लॅटरल मॅलिओलसच्या प्रॉक्सिमल 6 सेंमीपर्यंत, सायंकाळी 6.40.’ सुजेच्या कडेवर पेनानं रेघ ओढून तिच्याशेजारी वेळ लिहा. पुढच्या ठिकाणी रेघेच्या किती पुढे सूज गेली ते बघतात आणि औषधाचा निर्णय त्यावर घेतात. पोटरीचा घेर मोजायचा तर गुडघ्याखाली पुढे लागणाऱ्या हाडाच्या उंचवट्यापासून 10 सेंमी डिस्टल, दोन्ही पायांवर त्याच अंतरावर.

लाल विंचवाच्या दंशात जागेवर फारसं दिसत नाही, खरा धोका अंगभर असतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग याच आजारात दाखवून दिला. इथे दंशाची वेळ, घाम, आणि गारठा कुठपर्यंत आला ते लिहा: ‘दोन्ही हात कोपराच्या डिस्टल गार.’

भाजल्याच्या नोंदीत भागांना टक्के असतात. प्रौढांत डोकं-मान 9, प्रत्येक हात 9, धडाची पुढची बाजू 18, मागची 18, प्रत्येक पाय 18, जननेंद्रियाचा भाग 1. तान्ह्या बाळाचं डोकं 18 आणि प्रत्येक पाय 14 धरतात, कारण त्याचं डोकं अंगाच्या मानानं मोठं असतं. विखुरलेले चट्टे असतील तर रुग्णाचा स्वतःचा पंजा, बोटांसकट, म्हणजे साधारण 1 टक्का. तुमचा पंजा नव्हे. नुसती लाल झालेली, फोड न आलेली कातडी टक्केवारीत धरत नाहीत. काजूच्या टरफलातल्या तेलानं भाजलेली बोटं टक्क्यांत नगण्य येतात, तिथे कुठल्या बोटाची पामर बाजू ते लिहिणं जास्त उपयोगाचं.

सराव दोघींनी मिळून करा. एकीनं नोंद वाचायची, दुसरीनं न विचारता स्वतःच्या अंगावर ती जागा दाखवायची. ‘उजव्या पुढच्या हाताची अँटिरिअर बाजू, मनगटाच्या प्रॉक्सिमल 5 सेंमी, रेडियल कडेला.’ बोट चुकीच्या जागी गेलं तर नोंदीत कुठला शब्द कमी पडला ते बघा आणि पुन्हा लिहा.

लिहिलेली बाजू चुकली असेल तर त्यावर गिरवू नका, पांढरा रंग लावू नका. एक आडवी रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर बाजू पूर्ण शब्दात लिहा, तारीख, वेळ आणि सही करा; आणि रुग्ण आधीच गाडीत बसून गेला असेल तर पुढच्या रुग्णालयात फोन करून दुरुस्ती तोंडी सांगा, ज्याला सांगितली त्याचं पद आणि वेळ नोंदवहीत लिहा.